आदेलिनोचा चेहरा

“मेना, दार लोटून घे गं बाळा, वारा आत येतोय.”

आवाज एवढाच उरला होता. जाडसर, नुकताच झोपेतून उठलेला, कडांना उसवलेला, जुन्या घोंगडीसारखा. फिलोमेना फुर्तादोला या आवाजाचं सगळं ठाऊक होतं. तो दारातून किती उंचीवरून आला, ‘वारा’ म्हणण्याआधी जरासा खाकरला कसा, त्याच्यामागून डिझेलचा आणि ओल्या लोकरीचा वास कसा आला. फक्त आवाजाच्या मागे, जिथे माणसाला चेहरा असतो, तिथे काही नव्हतं. चौकट होती, चौकटीत काळोख होता, काळोखाच्या डोक्यावर टोपी होती. सात वर्षांची मेना पांघरुणातून उठली, गार लाकडी जमिनीवरून अनवाणी चालत गेली, दार लोटलं आणि परत येऊन झोपली. त्या दारापलीकडे तिचा बाप आदेलिनो जिना उतरला, गोदीवर गेला, ‘एस्त्रेला’ नावाच्या बोटीवर चढला. बोट परत आली नाही. बोटीवरचं कुणीच आलं नाही. त्यानंतर कुठलंही दार उघडून वारा आत आला, फ्रिजचं, चर्चचं, धातू ओतायच्या फाउंड्रीतल्या भट्टीखोलीचं, की आवाज यायचा. मेना साठीच्या पलीकडे गेली, केस पांढरे झाले, बोटांचे सांधे सुजले, आणि आवाज मात्र होता त्याच वयाचा राहिला. आता तो तिच्यापेक्षा लहान होता. आपल्याला कुणी तरुण माणूस बाळा म्हणून हाक मारतो, याचं तिला कधी कधी हसू यायचं.

त्या दिवशीही न्यू बेडफर्डच्या बंदरापाशी बसचं दार उघडलं, नोव्हेंबरचा वारा पायऱ्या चढून आत आला, आवाज आला, आणि मेनाने सवयीने वर पाहिलं. वर तिचा बाप क्रेनला लटकत होता.

दोन्ही काखांखालून रुंद पट्टे गेलेले, डोकं किंचित पुढे झुकलेलं, पाय जमिनीपासून सुटलेले. पायातल्या गमबुटांतून पाणी ठिबकत होतं. वाऱ्यावर तो सावकाश वळला, आधी पाठ, मग खांदा, मग तोंड, जणू पाण्यातून वर काढलेल्या माणसाला कुणीतरी सगळीकडून दाखवत होतं. तो आपणच केलेला पुतळा आहे, ब्राँझचा आहे, हे कळायला मेनाला एक श्वास लागला. त्या एका श्वासात तिच्या मनात जे आलं ते दुःख नव्हतं. ‘सापडला’, एवढंच आलं. इतक्या वर्षांनी सापडला. मग ब्राँझचं हिरवट काळेपण दिसलं, चकाकणारं नाक दिसलं, मागून ड्रायव्हर म्हणाला, “आजी, उतरताय की राहताय?” आणि ती उतरली.

पिवळं शिरस्त्राण घातलेली डोरीन, बंदराच्या ऑफिसातली, हात हलवत धावत आली. “अहो मिस फुर्तादो, किती फोन केले तुम्हाला! उचलतच नाही तुम्ही.”

“हात मातीचे असतात.”

“गोदी खचलीय ना या बाजूने. खांब बदलायचेत सगळे. म्हणून याला हलवतोय. उन्हाळ्यात परत इथेच, अगदी इथेच उभा करणार. घाबरू नका.”

क्रेनवरच्या जाड मानेच्या माणसाने खिडकीतून ओरडून विचारलं, “बाई, याला खायला काय घालत होता हो? क्रेन कण्हतेय माझी!”

“आतून पोकळ आहे तो,” मेना म्हणाली. “बोटाएवढी जाडी आहे फक्त.”

“सगळ्यांचं तसंच असतं,” तो म्हणाला आणि खो खो हसला, आणि पुतळा हळूहळू खाली आला.

त्याला ट्रकवर आडवा निजवला, खाली जुन्या रजया घालून. उभ्या माणसासाठी केलेलं शरीर आडवं कसं दिसावं याचा मेनाने कधी विचार केला नव्हता. सुकाणू धरायला पुढे आलेले हात आता आभाळाकडे गेले होते, काहीतरी मागितल्यासारखे. ती ट्रकच्या फळीवर चढली आणि त्याच्या तोंडावर वाकली. फाउंड्रीतून निघाल्यापासून तिने हा चेहरा इतक्या जवळून पाहिला नव्हता. डोळ्यांच्या बाहुल्यांच्या जागी तिने जी भोकं पाडली होती, त्यांत पावसाचं पाणी साठलं होतं. नजर यावी म्हणून भोक पाडायचं असतं, त्यात सावली बसते आणि लोकांना वाटतं माणूस बघतोय. त्या सावलीत आता पाणी होतं आणि पाण्यात तिचं स्वतःचं पांढरं डोकं हलत होतं. नाकाची रेघ पुसट झाली होती. शाळेची पोरं सहलीला येतात, परीक्षेआधी नाकाला हात लावतात. उजवा हात बायकांनी घासला होता. ज्यांचे नवरे, मुलगे, भाऊ त्या बोटीवर किंवा दुसऱ्या कुठल्या बोटीवर गेले, त्या येता जाता तो हात हातात घ्यायच्या. हाताची बोटं सोन्यासारखी पिवळी झाली होती, नखं जवळजवळ गेली होती. प्रेमानेही वस्तू झिजते, आणि हळूहळू झिजते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

“बघा ना नाक,” डोरीन खालून म्हणाली. “दाराच्या मुठीसारखं झालंय. आता फाउंड्रीत जातोच आहे साफसफाईला, तर स्मारक समितीचं म्हणणं असं की तुम्हाला हवं असेल तर चेहरा नव्याने करून द्या. डोकं वेगळं ओतलेलं आहे म्हणे, बदलता येतं. तुम्ही आहात तोवर करून घेऊ.” मग जीभ चावून, “म्हणजे, तसं नाही म्हणायचं मला.”

“कळलं कसं म्हणायचंय ते,” मेना म्हणाली. “कधीपर्यंत सांगू?”

“या आठवड्यात सांगा.”

ट्रक गेला. गोदीवर पुतळ्याच्या पायांचे दोन ठसे राहिले, दगडावर दोन काळसर लांबट डाग. मेना त्यांच्यासमोर उभी राहिली आणि तिच्या तळपायांतून लहानपणच्या त्या लाकडी जमिनीचा गारठा चढू लागला. चेहरा नव्याने करून द्या. इतकी वर्षं हे वाक्य कुणीतरी म्हणावं म्हणून ती वाट पाहत होती का, की कुणी म्हणू नये म्हणून? पुतळ्यावरून पडदा निघाला त्या दिवसापासून एक प्रश्न तिच्या घशात अडकला होता, माशाच्या काट्यासारखा. गिळावा तर टोचायचा, काढावा तर हात पोचायचा नाही. हा माझ्या बापासारखा आहे का? गाव म्हणायचं, अगदी आदेलिनो. पण गाव काय, प्रत्येक बाईला तो तिचाच माणूस आहे असं म्हणायचं. ज्या एका माणसाच्या म्हणण्याला किंमत होती, ते माणूस काहीच म्हणालं नव्हतं. ते माणूस आता टेकडीवरच्या वृद्धाश्रमात होतं, नव्वदीच्या पुढे, दिवसातून थोडा वेळ लख्ख आणि बाकीचा वेळ धुक्यात. आई गेली की बापाचा चेहरा ओळखणारं जगात कुणी उरणार नव्हतं. आणि ब्राँझ एकदाच नव्याने ओतता येणार होतं.

टेकडीकडे जाणारी बस यायची होती. मेना थांब्यावर बसली. समोर मासे उतरवणाऱ्या शेडचं पत्र्याचं छप्पर होतं. त्याच छपराखाली आईने तिला वाढवलं. रबरी एप्रन, रबरी हातमोजे, आणि एका कापात माशाची बाजू काट्यापासून सोडवणारा हात. घरी आल्यावर आई लिंबाने हात चोळायची तरी वास जायचा नाही, आणि मेना त्या वासातच झोपायची. आई काम करताना गुणगुणायची, समुद्रापलीकडच्या आपल्या बेटावरून येताना बरोबर आणलेलं काहीतरी,

जाळं विणते बाई मी, गाठीवरती गाठ,
एका गाठीमध्ये अडली माझ्या सख्याची वाट.

मेना विचारायची, मग ती गाठ सोडव ना. आई म्हणायची, सोडवली तर जाळं कशाचं राहील?

फोटो नव्हते. हे लोकांना सांगितलं तर पटायचं नाही. लग्नाचा एक तरी फोटो असतोच की. होता. मेनाला तो कसा गेला तेही आठवत होतं, चेहऱ्यापेक्षा कितीतरी स्पष्ट. बोटीचा शोध थांबवला त्यानंतर आत्या घरी आली, उंबेलिना आत्या, काळ्या शालीत उभी, दारातून आत यायच्या आधीच बोलायला लागलेली. “रिकामी पेटी पुरायची नाही, हर्मिनिया. आपल्या गावात कुणी रिकामी पेटी पुरलेली नाही. मातीला फसवायचं नाही.” मग आईने पेटीत त्याचा लग्नाचा सूट निजवला, बाह्या छातीवर दुमडून. पायांच्या जागी बूट. दाढीचा वस्तरा. टोपी ठेवायला घेतली तर ती नव्हती, टोपी तो घालून गेला होता. डोक्याच्या जागी उशी तेवढी पांढरी राहिली, आणि ती पांढरी जागा बघून आत्या रडायला लागली. तेव्हा आई उठली, भिंतीवरचा लग्नाचा फोटो काढला आणि उशीवर ठेवला. मग कपाटातून दुसरा काढला, बेटावर काढलेला, तोही ठेवला. मासेमारीच्या परवान्यावर एक छोटा होता, तो त्याच्याच खिशात होता, त्याच्याबरोबर गेला. आत्याने मेनाला उचलून पेटीवर धरलं. “बघून घे बाबाला.” मेनाने पाहिलं. फोटोच्या काचेवर खिडकीचा उजेड पडला होता, पांढरा चौकोन, आणि चौकोनाच्या आत खिडकीचा क्रूस. मान इकडे केली, तिकडे केली, उजेड हलला नाही. मग झाकण आलं.

चेहऱ्याच्या जागी पांढरा चौकोन. पुढे बोस्टनला कलाशाळेत माती हातात आली तेव्हा ती सगळ्यांचे चेहरे करू शकली. शिक्षकांचा, रखवालदाराचा, बसमध्ये समोर बसलेल्या झोपाळू बाईचा. हात एकदा पाहिलेलं विसरत नसे. लोक म्हणायचे, हिच्या बोटांना डोळे आहेत. आणि ती बोटं रात्री पांघरुणाखाली हवेत एक चेहरा चाचपायची आणि हवाच हाती लागायची. म्हाताऱ्या शिक्षकाने एकदा तिला बजावलं होतं, “समोर माणूस नसला ना मुली, की हात आळशी होतो. जो चेहरा त्याला पाठ आहे तोच करतो. आणि सगळ्यात पाठ असतो तो आपला. रोज सकाळी धुतो ना आपण.” तिने ते लक्षात ठेवलं होतं. म्हणूनच बंदराच्या स्मारकाचं काम मिळालं, गावातली पोर, त्याच बोटीवरच्या माणसाची पोर, म्हणून सगळ्यांनी तिलाच दिलं, तेव्हा तिने स्टुडिओतला आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला होता.

आरसा फिरवून काय होतं. सळ्यांच्या सांगाड्यावर माती चढली, छाती झाली, खांदे झाले, वाऱ्याला तोंड देऊन उभा राहिलेला अंगाचा बाक झाला. तो सगळा बाक तिला त्या आवाजातून मिळाला होता. एवढा आवाज निघायचा तर छाती एवढी पाहिजे, असं. चेहऱ्याकडे ती सगळ्यात शेवटी वळली. बायकांना बोलावलं, बोटीवरच्या माणसांच्या बायकांना. त्या आल्या, ओली माती पाहून आधी लाजल्या, मग एकेकीने बोट लावलं. एक म्हणाली गाल जरा आत घे. दुसरी म्हणाली भुवई जाड कर, माझ्या त्याची जाड होती. मेनाने सगळ्यांचं ऐकलं, थोडं थोडं केलं. आणि एका दुपारी आई आली, काळा रुमाल, हातात चोरिस सॉसेज घातलेल्या सूपचा डबा. डबा ठेवला, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली.

“आई, नाक कसं होतं बाबांचं?”

“नाकासारखं.”

“आई!”

“मग काय सांगू? हुंगायचा त्याने. शेंबूड यायचा.”

“कान?”

“दोन होते.”

“थट्टा नको गं. मला आठवत नाही म्हणून विचारते.”

आईने डब्याचं झाकण काढलं, परत लावलं. “सूप निवतंय,” म्हणाली. “मातीचं तोंड काय पळून जाणारेय?” आणि जाताना दारात थांबली, मातीच्या डोक्याकडे न बघता म्हणाली, “रात्री त्याला काय करतेस?” मेनाने सांगितलं, ओल्या फडक्यात गुंडाळते, वर प्लास्टिक, नाहीतर सुकून तडे जातात. “हं,” आई म्हणाली. “ताप आलेल्या पोरासारखं.” आणि गेली. त्या संध्याकाळी मेनाने फडकं सोडून हनुवटी केली. जबडा कुठे वळतो ते आठवेना, तेव्हा तिचा डावा हात नकळत आपल्या जबड्यावर गेला, कानाखालून खाली, आणि उजव्या हाताने मातीत तीच रेघ ओढली. कळलं तिला. हात तसाच ठेवला. बापाची मुलगी आहे, म्हणाली मनात, बापाचंच असेल काहीतरी यात.

पडदा निघाला तो दिवस उन्हाचा होता. बँड होता, पाद्री होता, गोड पावाच्या टोपल्या होत्या. कापड सरकलं आणि गर्दीतून एक लांबलचक श्वास निघाला, लाट परत जाताना वाळूतून निघतो तसा. कुणीतरी ओरडलं, “आदेलिनो! अगदी आदेलिनो!” लगेच दुसरी बाई म्हणाली, “नाही गं, हा माझा झुविनाल आहे, भुवई बघ.” दोघी भांडल्या, भांडता भांडता एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. मेना कुणाचंच ऐकत नव्हती. ती आईकडे बघत होती. आई पुढच्या रांगेत उभी, रुमालाची गाठ हनुवटीखाली, चेहरा वर. तिने पुतळ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग गाठ सोडून परत घट्ट बांधली. “जायचं का घरी?” म्हणाली. “चुलीवर सूप ठेवलंय.” एवढंच. रागावली नाही, रडली नाही, चुकलं म्हणाली नाही, जमलं म्हणाली नाही. आणि पुढच्या रविवारपासून प्रार्थना झाली की कार्नेशनचं एक फूल घेऊन गोदीवर जायला लागली, पुतळ्यासमोरच्या बाकावर बसायला लागली. थंडीत, धुक्यात, बर्फात. मेनाला वाटायचं, हेच तिचं उत्तर. मग वाटायचं, उत्तर असतं तर एकदा तरी तोंडाने आलं असतं. कुठल्या मुलीने आईला विचारावं, मी तुझा नवरा बरोबर केला का?

त्या एका कामाने तिला बाकीची सगळी कामं दिली. आगीत गेलेले बंबवाले, युद्धावर गेलेली पोरं, खाणीत गाडले गेलेले बाप. गावोगावचे लोक फोटो घेऊन यायचे, पाकिटातून, डब्यातून, उशाखालून काढलेले. तो हसला की डावा गाल वर जायचा, सांगायचे. ती तो गाल वर न्यायची. लोक रडायचे, तिचे मातीचे हात धरायचे, म्हणायचे, आणलात तुम्ही त्याला परत. आणि मेना रात्री मोटेलच्या खोलीत नखांतली माती काढत विचार करायची, आपण एवढ्यांना परत आणतो, पण आणतो ते कोण? पेन्सिल्वेनियात एका खाणीच्या गावी पडदा निघताना एक म्हातारा पुतळ्याकडे पाठ करून उभा होता, टोपी छातीशी, तोंड डोंगराकडे. त्याचा मुलगा होता त्या खाणीत. मेना त्याच्याजवळ गेली, म्हणाली, बघा ना एकदा. तो म्हणाला, “नको बाई. माझ्याकडे आहे तो. तुमचा नको.” तिला राग आला होता तेव्हा. एवढी मेहनत, एवढं ब्राँझ, आणि हा हट्टी म्हातारा. बसमध्ये आता टेकडी चढताना तो आठवला आणि राग कुठे गेला ते कळलं नाही. त्याच्या जागी एक बारीक, थंड भीती उरली होती, ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटलेली.

वृद्धाश्रमात आईची खुर्ची खिडकीपाशी होती. खिडकीतून समुद्र दिसायचा नाही, गाड्या ठेवायची जागा दिसायची. आई मांडीवरच्या चादरीच्या कडेवर अंगठा फिरवत होती, सुरी धरल्यासारखा, माशाच्या शेपटाकडून डोक्याकडे. मेनाने पिशवीतून गोड पाव काढला, तुकडा मोडला.

“नखात माती घेऊन भरवतेस मला?” आई म्हणाली. म्हणजे दिवस लख्ख होता.

“धुतलेत हात.”

“तुझे हात कधी धुतलेले नव्हते.” तरी तोंड उघडलं. सावकाश चावत राहिली. “आज रविवार आहे?”

“नाही.”

“मग का आलीस?”

मेना स्टूल ओढून बसली. सांगायचं कसं ते तिने बसमध्ये जुळवलं होतं, आता त्यातलं काही आठवेना. “आई, बाबांना गोदीवरून उतरवलंय.”

आईचा अंगठा थांबला. “का? काय केलं त्याने?”

“काही नाही गं. गोदी दुरुस्त करतायत. उन्हाळ्यात परत ठेवणार.”

“मग ठीक आहे.” अंगठा पुन्हा चालू झाला. “उतरवताना पडला नाही ना?”

“नाही. आई, ऐक. त्याचं नाक झिजलंय. ते म्हणतात, चेहरा नवा करून देता येईल. सगळा नवा. मला वाटतं... तू सांगशील तसा करते. एकदाच होईल ते, परत नाही व्हायचं.” तिचे हात मांडीवर एकमेकांत गुंतले होते आणि तिला ते सोडवता येत नव्हते. “मला आजवर विचारता आलं नाही. तो आहे का बाबांसारखा?”

खाली एक गाडी मागे घेतली जात होती, टूंट टूंट वाजत. आई तिच्याकडे न बघता ते ऐकत होती. धुकं आलं, मेनाच्या मनात आलं, उशीर झाला. मग आई म्हणाली, “आता विचारतेस?”

“तेव्हा विचारलं तर म्हणालीस, नाकासारखं नाक.”

“तेव्हा मला माहीत होतं ना.” आईने तोंडातला घास गिळला. गिळायला वेळ लागला. “माहीत असलेलं माणूस कशाला सांगतं? सांगितलं की मातीत जातं. आत्याने पेटीत सगळं घालायला लावलं, सूट, बूट, फोटो. मी घातलं. पण एक ठेवलं होतं माझ्याकडे. इथे.” तिने अंगठा डोळ्यांच्या पापणीला लावला. “डोळे मिटले की यायचा. रोज. शेडमध्ये मासे कापताना यायचा, मीठ कमी आहे म्हणायला यायचा. तुला कसा देणार होते मी तो? तू म्हणालीस, नाक सांग. मी नाक सांगितलं असतं तर नाक तुझं झालं असतं.”

दार कुठेतरी उघडलं होतं, वारा पायांशी आला होता, पण या वेळी आवाज आला नाही.

“कापड काढलं,” आई म्हणाली, “आणि मी पाहिलं. तो नव्हता. मेना, तो तुझा बाप नव्हता गं. हनुवटी तुझी होती. दुसराच कुणी उभा होता, आपल्या घरचा पण दुसरा. म्हटलं, पोरीने एवढं केलंय, बायका रडतायत, बँड वाजतोय. गप्प बसले. घरी आले, सूप ढवळलं, डोळे मिटले. तर हा आला. तुझा. पायात गमबूट घालून. त्याला म्हटलं, तू जरा बाजूला हो, तुझ्यामागे माझा माणूस उभा आहे. तो होईना. म्हणून जायचे दर रविवारी. तुला वाटायचं फूल द्यायला जाते. भांडायला जायचे मी. बाजूला हो म्हणायला.”

“आई...”

“ऐक गं. बोलतेय ना मी.” आईने तिचा हात धरला, सुजलेल्या सांध्यांवरून अंगठा फिरवला, शेपटाकडून डोक्याकडे. “नाही झाला बाजूला. आणि मागचा कधी गेला ते मला कळलंच नाही. कुठल्या रविवारी गेला कुणास ठाऊक. आता याच्याशीच बोलते. एवढी वर्षं भांडलं एखाद्याशी, की तो आपलाच होतो. तू त्याचं नाक नको करूस. हनुवटी नको करूस. काही करू नकोस, आहे तसा उभा कर. पहिला समुद्रात गेला तेव्हा तो निदान डोळ्यांत होता माझ्या. आता हाही काढून नेलास, तर डोळे मिटून मी बघू कुणाकडे?”